शरणागतीचा पत्ता

मद्यासक्तीतून सुटू पाहणाऱ्या माणसाने आपल्यासारख्याच माणसांची सभा शोधून काढणे ही वरकरणी पत्ता आणि वेळ विचारण्यापुरती गोष्ट दिसते; पण जी सभा शोधायची तिच्या पहिल्याच विधानात दारूपुढे आपले काही चालत नाही अशी कबुली असल्यामुळे तो पत्ता विचारणे हीच अर्धी कबुली ठरते, आणि म्हणून पुष्कळांना एवढ्याशा चौकशीला वर्षानुवर्षे लागतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या आणि भारतात सर्रास ‘एए’ म्हटल्या जाणाऱ्या या बंधुमंडळाचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीवर हतबलता मान्य करायची, दुसरीवर आपल्याहून थोर अशी एखादी शक्ती आपल्याला ताळ्यावर आणू शकेल असा विश्वास धरायचा आणि तिसरीवर आपली इच्छा व आपले जीवन त्या शक्तीच्या, म्हणजे ज्याला जसा उमगेल तशा ईश्वराच्या, हवाली करायचे, असा त्याचा आरंभ आहे. येथे तत्त्वचिंतकाला टाळता न येणारा पेच उभा राहतो. जो हतबल आहे तो शरण जाण्याची कृती तरी कोणत्या बळावर करतो, आणि शरण जायचेच तर नेमके कोणाला?

हा पेच अड्यारच्या संदर्भात तपासण्यास सबळ कारण आहे. चेन्नईच्या दक्षिणेस अड्यार नदीच्या अंगाने वसलेल्या या भागात, इंदिरानगरात, टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनचे टीटीके रुग्णालय आहे. माजी केंद्रीय अर्थमंत्री आणि उद्योगपती टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या घराण्यातील तरुण मुलगा, टी. टी. रंगनाथन, 1979 मध्ये मद्यासक्तीने गेला. त्याच्या पत्नी शांती रंगनाथन यांनी अमेरिकेत जाऊन या आजाराच्या उपचाराचे प्रशिक्षण घेतले आणि 1980 मध्ये ही संस्था उभी केली. श्रीमंत आणि प्रतिष्ठित घरातील दारूचा मृत्यू झाकून ठेवण्याची जी रीत सगळीकडे आहे ती मोडून संस्थेला त्याच माणसाचे नाव देण्यात आले, ही गोष्ट साधी नाही. 1992 मध्ये शांती रंगनाथन यांना पद्मश्री मिळाली. मराठी वाचकाला येथे पुण्याच्या मुक्तांगणची आठवण होणे स्वाभाविक आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 1986 मध्ये सुरू केलेल्या त्या केंद्रानेही औषधोपचाराला गटाची जोड दिली. दोन्हीकडे एक गोष्ट ओळखली गेली होती: रुग्णालय शरीरातील विष उतरवू शकते, मात्र माणूस घरी परतल्यावर येणाऱ्या पहिल्या पगाराच्या संध्याकाळी त्याच्याजवळ डॉक्टर नसतो, आणि त्या संध्याकाळसाठी सभा लागते.

याच अड्यारमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे जागतिक मुख्यालय 1882 पासून आहे. 1875 मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या या संस्थेची धारणा अशी की सर्व धर्मांच्या तळाशी एकच सत्य आहे; त्यामुळे तिच्या झाडीने भरलेल्या आवारात हिंदू मंदिर, बौद्ध विहार, मशीद आणि चर्च अशी छोटेखानी प्रार्थनास्थळे चालत जाण्याच्या अंतरावर उभी आहेत, आणि ज्याने त्याने आपल्याला उमगेल तो ईश्वर मानावा ही बारा पायऱ्यांतील मुभा तेथे कोणालाच नवी वाटली नसती. पण 1909 मध्ये याच आवारालगतच्या समुद्रकिनाऱ्यावर ज्या मुलामध्ये भावी जगद्गुरू दिसल्याचे सांगण्यात आले त्या जे. कृष्णमूर्तींनी 3 ऑगस्ट 1929 रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, आपल्याभोवती उभारलेली ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही संघटना स्वतःच विसर्जित केली, आणि कोणत्याही संघटनेतून, पद्धतीतून किंवा गुरूकडून मुक्ती मिळत नाही हे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. अड्यारपासून काही किलोमीटर उत्तरेला तिरुवल्लिक्केणीचे पार्थसारथी मंदिर आहे, आणि त्या मंदिराच्या श्रीवैष्णव परंपरेने शरणागतीवर जेवढा काटेकोर विचार केला तेवढा भारतात क्वचितच कोणी केला असेल. हे सारे प्रवाह पायऱ्यांच्या कार्यक्रमाशी कधी प्रत्यक्ष बोललेले नाहीत. तरी त्यांना एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय वरच्या पेचाची उकल होत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अशा सभेकडे मदत मागायला जायचे असते असे धरले जाते. तिचा उगम मात्र उलट दिशेने झाला. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कमधील शेअरबाजाराशी संबंधित माणूस धंद्यात हात पोळून ओहायोतील ॲक्रन शहरात अडकला होता. दारू सोडून त्याला पाचच महिने झाले होते. हॉटेलच्या बारमधला गलका कानावर येत असताना त्याने दिवाणखान्यातील चर्चच्या यादीवरून एका धर्मोपदेशकाला फोन लावला, आणि आपल्याला सांभाळण्यासाठी कोणी पाठवा असे न म्हणता, जिच्याशी बोलता येईल अशी एखादी दारूत बुडालेली व्यक्ती या गावात आहे का, असे विचारले. त्या चौकशीतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला घेतला तो 10 जून 1935 हा दिवस बंधुमंडळाचा जन्मदिवस मानला जातो. म्हणजे सभेचा पहिला शोध घेणारा माणूस श्रोता शोधत होता. ज्याला सांगायचे त्याच्याकडूनच आपण तरणार आहोत हे त्याला उमगले होते. उपकारकर्ता आणि उपकृत हा भेद येथे आरंभापासूनच पुसला गेला. धर्मसंस्थांना तो पुसणे सहसा जमत नाही, कारण त्यांच्या रचनेत देणारा एका पायरीवर आणि घेणारा दुसऱ्या पायरीवर उभा असतो.

आता हतबलतेचे स्वरूप पाहता येईल. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात मद्यपीचा दाखला वारंवार येतो. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणे आपल्या हाती होते, म्हणून सवयीने बिघडलेला माणूस आज हतबल असला तरी त्या हतबलतेला तोच जबाबदार आहे, असे त्याचे मत आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसतानाही, जणू कोणी बळेच जुंपल्यासारखा, माणूस पाप कशामुळे करतो. प्रश्न तोच आहे, फक्त ग्रीक तत्त्ववेत्त्यापेक्षा विचारणारा अधिक हळवा आहे. चरकसंहितेने मात्र या प्रश्नाचे असे पृथक्करण केले आहे की ते आजही वापरता येते. चरकाच्या मते धी, धृती आणि स्मृती या तिन्हींचा भ्रंश झाल्याने जे अयोग्य कर्म घडते तो प्रज्ञापराध, म्हणजे समजुतीचा अपराध होय. धी म्हणजे हिताहित ओळखणारी बुद्धी. धृती म्हणजे विषयाकडे धावणाऱ्या मनाला आवरणारी शक्ती. आणि स्मृती म्हणजे जाणलेल्या तत्त्वाचे योग्य वेळी होणारे स्मरण.

मद्यासक्ताच्या बाबतीत पहिला घोट पोटात गेल्यावर धृती जाते, हे सर्वांना दिसते. त्याआधी काय जाते याकडे मात्र घरच्यांचे, आणि पुष्कळदा डॉक्टरांचेही, लक्ष नसते. पहिला घोट घेण्याच्या क्षणी माणूस शुद्धीवर असतो, त्याची बुद्धी शाबूत असते, त्याला कोणी जुंपलेले नसते. त्या क्षणी हरवलेली असते ती स्मृती. गेल्या वेळी काय झाले होते हे त्याला माहीत असते, पण ते माहीत असणे त्या क्षणी त्याच्या उपयोगी पडत नाही. बिल विल्सनवर उपचार करणारे डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी शरीराची विपरीत प्रतिक्रिया आणि मनाचा पगडा असे या आजाराचे दोन भाग सांगितले होते. चरकाच्या परिभाषेत पहिला धृतीचा आणि दुसरा स्मृतीचा भ्रंश म्हणता येईल. वीस वीस वर्षे दारूला न शिवलेली माणसे आठवड्यातून दोनदा सभेला का येतात, याचे उत्तर येथे सापडते. त्यांची इच्छाशक्ती तोवर कमावलेली असते. पण स्मृती एकट्याने जपता येत नाही, आणि परवापर्यंत पिणारा कोणी नवखा समोर बसून बोलू लागला की जुन्याला स्वतःचा विसरलेला काळ त्याच्या तोंडून ऐकू येतो.

भारतीय समाजाने दारू सोडवण्यासाठी मुख्यतः धृतीवर, म्हणजे व्रतावर, भिस्त ठेवली. तिरुक्कुरळ या तमिळ नीतिग्रंथात ताडी न पिण्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. बौद्धांच्या पंचशीलातील पाचवे शील मद्यविरतीचे आहे. आणि महाराष्ट्रात ‘त्याने माळ घातली’ असे म्हटले की त्याने दारू सोडली हे वेगळे सांगावे लागत नाही. वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेने खेड्यापाड्यांत जेवढे संसार सावरले तेवढे कोणत्या खात्याने सावरले असतील याची शंका आहे. तमिळनाडूत शबरीमलैच्या यात्रेसाठी भक्त अय्यप्पाची माळ घालून एकेचाळीस दिवसांचे मंडलव्रत धरतात आणि त्या काळात मोठमोठे पिणारेही थेंबाला शिवत नाहीत. पण डोंगर उतरून माळ काढल्यावर त्यांतले कित्येक सरळ दुकानाकडे वळतात, आणि हे त्यांच्या घरच्यांना आधीपासून ठाऊक असते. व्रतात सामर्थ्य आहे यात संशय नाही. पण व्रताला दोन मर्यादा आहेत. मुदतीचे व्रत मुदत संपली की संपते, आणि आजन्म व्रत एकदा मोडले की मोडणारा भ्रष्ट ठरतो. माळ तुटलेला माणूस दिंडीत परतायला लाजतो आणि नेमक्या त्या लाजेपायी पुन्हा पितो. सभेने या दोन्हींवर तोड काढली आहे. तेथे शपथ आजच्या दिवसापुरती असते, त्यामुळे तिची मुदत कधी संपत नाही. आणि ज्याचा पाय घसरला (या घसरण्याला सभेतील माणसे ‘स्लिप’ म्हणतात) तो दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर येऊन बसू शकतो.

तरीही मूळ पेच उरतोच. दारूपुढे हतबल असलेला माणूस सभेपर्यंत चालत जाण्याइतका समर्थ असतो, म्हणून हतबलता एका विषयापुरती आहे असे म्हणून सुटका होत नाही, कारण चालत जाण्याची इच्छाही त्याच्या हुकमतीत नसते. ती येते आणि जाते. येथे श्रीवैष्णवांचा विचार उपयोगी पडतो. त्यांना आधारभूत असलेल्या पांचरात्र परंपरेने शरणागतीची, म्हणजे प्रपत्तीची, सहा अंगे सांगितली आहेत: अनुकूल वागण्याचा संकल्प, प्रतिकूल गोष्टींचा त्याग, रक्षण होईल हा विश्वास, रक्षकाचे वरण, स्वतःला त्याच्यावर सोपवणे आणि कार्पण्य. कार्पण्य म्हणजे आपल्याजवळ अन्य काही साधन उरलेले नाही याची दीन जाणीव. पहिल्या पायरीशी त्याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. अधिक लक्षणीय आहे तो या अंगांवरून पुढे झालेला वाद. तेराव्या आणि चौदाव्या शतकांत वेदान्तदेशिक आणि पिळ्ळै लोकाचार्य या दोन आचार्यांच्या अनुयायांत जो मतभेद वाढत गेला त्यातून अनुक्रमे वडकलै म्हणजे उत्तरेचा आणि तेंकलै म्हणजे दक्षिणेचा असे दोन पंथ झाले. वडकलै मतानुसार जीवाने निदान निमित्तापुरती तरी शरण जाण्याची कृती करावी लागते, माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः धरून राहते त्याप्रमाणे. तेंकलै मतानुसार पिलू काहीच करत नाही, मांजरी त्याला तोंडात धरून नेते. इतकेच नव्हे तर आपण शरण गेलो म्हणून तरलो असे मानणे हाच अहंकाराचा शेवटचा कोपरा आहे.

या वादाची टर उडवणे सोपे आहे, आणि कपाळावरच्या नामाच्या आकारावरून देवळादेवळांत झालेले खटले पाहता ती अगदीच अनाठायी नाही. पण सभेतल्या माणसांचे बोलणे ऐकले तर हे दोन्ही पंथ तेथे नांदताना दिसतात. कोणी म्हणतो, रोज सकाळी उठून ठरवावे लागते, रोज फोन करावा लागतो, रोज सभा धरून राहावी लागते. कोणी म्हणतो, आपण काहीच केले नाही, कसे सुटले कळत नाही, धरून आणल्यासारखे झाले. पहिला प्रकार नव्यांत अधिक आढळतो आणि दुसरा जुन्यांत, आणि यातच वादाचा निकाल दडलेला असावा. शरण जाताना ती कृती असते. मागे वळून पाहताना तिचे श्रेय स्वतःकडे घेता येत नाही. हतबलाने कोणत्या बळावर शरण जावे हा प्रश्न सोडवण्यासाठी बळाचा उगम आधी शोधण्याची गरज नाही. लोकाचार्यांचा इशारा एवढाच की तो नंतरही स्वतःत शोधू नये, कारण ‘मी जिंकलो’ असे ज्या दिवशी वाटते त्याच दिवशी एखादा पेला चालेल असेही वाटू लागते.

आता दुसरा प्रश्न, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा: शरण कोणाला? बारा पायऱ्यांची भाषा ख्रिस्ती घडणीची आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुप या प्रॉटेस्टंट चळवळीतून ती आली. 1939 मध्ये पायऱ्या छापल्या जाण्याच्या वेळी आरंभीच्या सभासदांतील नास्तिकांनी हट्ट धरला म्हणून ईश्वराच्या उल्लेखाला, ज्याला जसा उमगेल तसा, ही पुस्ती जोडली गेली. त्या हट्टाचे ऋण भारतातल्या सभांवरही आहे, कारण त्या पुस्तीमुळेच मुरुगन, वेलंकण्णीची माता, अल्ला आणि ‘माझा कोणावर विश्वास नाही’ हे एकाच खोलीत बसू शकतात. पण ही पुस्ती तात्त्विकदृष्ट्या अपुरी आहे. वाटेल त्याला ईश्वर म्हणण्याची मुभा दिल्याने शरणागती सुरक्षित होत नाही. व्यसनातून सुटलेला हताश माणूस बाबा, पक्ष, नेता किंवा उपचारकेंद्राचा चालक यांच्या पायाशीही जाऊन पडू शकतो, आणि अशी उदाहरणे सर्व देशांत आहेत.

बंधुमंडळाचे खरे तत्त्वचिंतन, म्हणून, बारा पायऱ्यांपेक्षा त्याच्या बारा परंपरांत आहे असे म्हणावे लागते. 1946 मध्ये मांडलेल्या आणि 1950 मध्ये क्लीव्हलंड येथील अधिवेशनात स्वीकारलेल्या या परंपरा म्हणजे सभा कशी चालावी याचे संकेत. सभासदत्वाला दारू सोडण्याच्या इच्छेखेरीज कोणतीही अट नाही, आणि ती इच्छा खरी आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार कोणालाही नाही. पुढारी असतात ते सेवेपुरते; हुकूम देण्यासाठी नाहीत. बाहेरची देणगी घ्यायची नाही, मालमत्ता साठवायची नाही, दारूबंदीसह कोणत्याही सार्वजनिक वादावर मत द्यायचे नाही, आणि वृत्तपत्रांत नाव किंवा छायाचित्र येऊ द्यायचे नाही. गरिबीचा संकेत अनुभवातून आला. आरंभी विल्सन आणि त्याचे सहकारी धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्याकडे मोठ्या अपेक्षेने गेले होते. पैशाने हे काम नासेल असे सांगून त्यांनी 1938 मध्ये पाच हजार डॉलरची मर्यादित मदत केली, आणि पुढे मंडळाने त्या सल्ल्याचाच नियम केला. या सर्व संकेतांचा एकत्रित परिणाम असा की शरण आलेल्या माणसाला ज्याच्या पाया पडता येईल असे त्या खोलीत कोणीच राहत नाही. सिंहासन आहे, त्यावर बसायला बंदी आहे.

ही रचना प्रत्यक्ष सभेत पाहणे उद्बोधक आहे. चेन्नईत, मुंबईत किंवा नागपुरात सभा बहुधा चर्चच्या आवारातील, शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या एखाद्या खोलीत भरते. बाहेर ठळक पाटी नसते, आणि टास्मॅक या तमिळनाडू सरकारच्या महामंडळाचे दारूचे दुकान कोणालाही न विचारता सापडत असताना ही खोली मात्र विचारल्याशिवाय सापडत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, टेबलावर काही पुस्तिका. नवखा दाराजवळची खुर्ची धरतो. तिचा अर्थ सर्वांना ठाऊक असल्याने कोणी त्याला पुढे बोलावत नाही. बोलणारा नुसते नाव आणि आपण अल्कोहोलिक असल्याचे सांगतो, बाकीचे एका सुरात त्याला नावाने नमस्कार करतात, आणि मग तो बोलत असेपर्यंत कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, खोडून काढत नाही. आडनाव विचारले जात नाही. ज्या देशात आडनावावरून जात, गावावरून ऐपत आणि भाषेवरून प्रांत ताडला जातो तेथे हा साधा संकेत काय करतो हे मूळ अमेरिकी संस्थापकांच्या ध्यानीमनीही नसेल. शेवटी एक टोपली किंवा डबा फिरतो आणि ज्याला जमेल तो दहावीस रुपये टाकतो. खोलीचे भाडे आणि चहा त्यातून निघतो. अड्यारमध्ये नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला तमिळमधले कथन अर्धेच कळेल, तरी कधी हसायचे आणि कधी खाली पाहायचे हे त्याला चुकणार नाही.

कृष्णमूर्तींचा आक्षेप या रचनेला कितपत लागू पडतो? पद्धतीचे पालन करणाऱ्या मनाला पद्धतीतून जे मिळते तेच मिळते, आणि एका अवलंबनाच्या जागी दुसरे अवलंबन आणणे ही मुक्ती नव्हे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. सभेतील ठराविक वाक्ये, सामूहिक प्रार्थना, वर्षपूर्तीचे केक पाहून त्यांनी नापसंती दर्शवली असती असे मानायला हरकत नाही, आणि आयुष्यभर सभेला जाणारा माणूस सभेवर अवलंबून आहे हे उघड आहे. परंतु या आक्षेपात अवलंबन सरसकट बंधन मानले जाते, आणि तेथेच तो तोकडा पडतो. ज्याची स्मृती एकट्याने टिकत नाही हे एकदा सिद्ध झाले त्याने एकट्याने पाहावे हा उपदेश तर्कशुद्ध असला तरी त्याला घेऊन कुठे जायचे हे कळत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात 27 अभ्यासांतील साडेदहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली असता, सभेकडे नेणारे सुनियोजित उपचार अखंड मद्यवर्जनाच्या बाबतीत अन्य प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरले. असे आकडे तत्त्वज्ञानाचा वाद मिटवत नाहीत, पण सभा हा निव्वळ श्रद्धेचा मामला नाही एवढे दाखवतात.

याहून जड आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. हतबलता कबूल करा, नम्र व्हा, स्वतःच्या दोषांची यादी करा, हे शब्द न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील अहंमन्य पुरुषासाठी घडलेले होते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितले गेले त्याला ते पुन्हा का सांगावे? 1975 मध्ये अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक यांनी स्त्रियांसाठी वेगळी संघटना काढली ती याच कारणाने. स्त्रियांना अहंकार मोडण्याची नव्हे तर आत्मविश्वास मिळवण्याची गरज आहे असे त्यांचे म्हणणे होते. भारतात हा आक्षेप अधिक तीव्र होतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पण ती ईश्वराला शरण जाऊन घेतलेली नाही. ती स्वाभिमानाने उभ्या राहिलेल्या माणसाची प्रतिज्ञा आहे, आणि तिच्या बळावर असंख्य घरांतून दारू गेली. कार्पण्याचा आदर्श ज्या समाजरचनेत घडला तिने काहींच्या वाट्याला सक्तीचे कार्पण्य दिले होते, हे विसरून शरणागतीचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. यावर सभेच्या बाजूने एवढेच म्हणता येते की तेथील कबुली माणसापुढे झुकण्याची नाही, एका द्रव्यापुरती आहे, आणि ती ऐकणारेही तीच देऊन बसलेले असतात. हे उत्तर पुरेसे आहे की नाही हे आंबेडकरी वस्तीतील सभासदाने ठरवायचे. आणि ज्याला प्रतिज्ञा पुरली त्याला पायऱ्यांची गरज नाही, हे मान्य करण्यात पायऱ्यांचे काही जात नाही.

सक्तीचा प्रश्न येथेच येतो. अमेरिकेत न्यायालये आणि तुरुंग गुन्हेगारांना अशा सभांना पाठवू लागले तेव्हा 1996 पासून अनेक वरिष्ठ न्यायालयांनी असे ठरवले की कार्यक्रमाचा आशय धार्मिक असल्यामुळे शासनाला तो लादता येणार नाही. आदेशाने घडलेली शरणागती शरणागतीच नव्हे, असे श्रीवैष्णव आचार्यही म्हणाले असते. भारतात सक्ती न्यायाधीश क्वचित करतो. ती घर करते. आई, भाऊ, आणि सर्वांत अधिक पत्नी, त्या माणसाला हाताला धरून सभेच्या दारापर्यंत आणते. लोकाचार्यांच्या परंपरेत जीव आणि ईश्वर यांच्यामध्ये लक्ष्मी मध्यस्थी करते, तिच्या त्या कार्याला पुरुषकार म्हणतात, आणि नवऱ्यासाठी वणवण करणाऱ्या पत्नीला ही भूमिका बहाल करण्याचा मोह धार्मिक लेखकाला होतो. तो आवरला पाहिजे. मध्यस्थ म्हणून गौरवलेल्या बाईच्या माथी मग अपयशही मारले जाते: तिनेच नीट सांभाळले नाही, तिच्या भांडणाने तो पुन्हा प्यायला.

बिल विल्सनची पत्नी लोइस हिने 1951 मध्ये मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी अल्-अनॉन या वेगळ्या सभांचे संघटन उभे केले, टीटीके रुग्णालयात कुटुंबीयांसाठी स्वतंत्र कार्यक्रम असतो आणि मुक्तांगणमध्ये पत्नींचा सहचरी गट चालतो, ते या ओझ्याच्या जाणिवेतून. अल्-अनॉनची पहिली पायरी शब्दशः तीच आहे: दारूपुढे आपले काही चालत नाही. पिणाऱ्याच्या तोंडी ते वाक्य त्याच्या अहंकाराला धक्का देते, कारण आपण ठरवले की थांबू असे तो वर्षानुवर्षे म्हणत आलेला असतो. न पिणाऱ्या बाईच्या तोंडी त्याच वाक्याने बाटल्या लपवणे, खिसे तपासणे, साहेबांना खोटे फोन करणे यांतून तिची सुटका होते. नवरा आपल्या सभेला गेला नाही तरी तिला तिच्या सभेला जाता येते, आणि त्या सभेचा पत्ता शोधण्यासाठी तिला त्याची परवानगी लागत नाही.